स्वादुपिंडाचं ब्लड पॅकेज: सुई टोचणाऱ्याला पाच स्टार, पॅकेजला दोन

आधीच सांगतो, लॅबचं नाव लिहिणार नाहीये. केअर, प्रोफाइल, कम्प्लीट असं काहीतरी शेपूट लावून हे पॅकेज आता बरेच जण विकतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो. माझं भांडण त्या मालाशी आहे, एका दुकानाशी नाही. ज्यांच्या घरात कुणाचं पोट वर्षानुवर्षं दुखतंय आणि मोबाईलवर ही जाहिरात सारखी येतेय त्यांनी पैसे भरायच्या आधी वाचा. मोठं आहे पण वाचा.

पेशंट म्हणजे माझा मोठा भाऊ. आम्ही काळाचौकीला राहतो, दादा-वहिनी आणि आई वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. दादाचं दुखणं असं की जेवला की थोड्या वेळाने बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधे कळ यायला लागायची आणि ती सरळ पाठीत जायची, मग तो पोटाशी उशी धरून पुढे वाकून बसायचा, तसं बसलं की जरा बरं वाटायचं म्हणे. यावर इतकी वर्षं काय उपचार, तर गॅस. उपाशीपोटी ती गोळी घ्या, तिखट कमी करा, वडापाव बंद करा. वडापाव बंद झाला, दुखणं चालूच. मग वजन उतरायला लागलं, पँटी ढिल्या झाल्या, आणि संडासला तेलकट, चिकट, फ्लश केलं तरी न जाणारी व्हायला लागली. हे लिहायला मलाही कसंतरीच वाटतंय पण गॅस्ट्रोच्या, म्हणजे पोटविकाराच्या, डॉक्टरांनी सगळ्यात आधी हेच विचारलं होतं, त्यामुळे लाजू नका, डॉक्टरला सांगा.

सोनोग्राफी झाली होती. रिपोर्टमधे एक ओळ, 'पॅन्क्रियाज ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस'. म्हणजे आतड्यातल्या गॅसमुळे स्वादुपिंड दिसलंच नाही. हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून असतो, त्यामुळे सोनोग्राफीत तो बऱ्याचदा नीट दिसत नाही. घरात मात्र सगळ्यांनी त्याचा अर्थ 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' असाच लावला. गॅस्ट्रोवाल्यांना क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसची शंका आली, म्हणजे स्वादुपिंडाची जुनाट सूज, आणि त्यांनी सीटी स्कॅन लिहून दिला. सीटीची तारीख जरा लांबची मिळाली. तेवढ्यात वहिनीच्या फोनवर जाहिरात, 'एका ब्लड टेस्टमधे ओळखा स्वादुपिंडाची जुनी सूज, घरबसल्या'. एमआरपी खोडून खाली साडेतीन हजाराच्या आसपास. वहिनी म्हणाली, "भावजी, सीटी होईल तेव्हा होईल, हे तरी करून घेऊया, मनाला बरं." वहिनीच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं, घरात माणूस कळवळतोय आणि तारखेची वाट बघत कोण बसणार.

आता सर्व्हिस. ही खरंच झकास. सकाळी साडेसहाचा स्लॉट घेतला होता, मुलगा सहा पस्तीसला दारात. नालासोपाऱ्याहून पहिल्या गाड्यांपैकी कुठलीतरी पकडून आलेला, पाठीवर ती चौकोनी थंड बॅग. आल्या आल्या हात धुवायला बेसिन विचारलं, नवीन ग्लोव्हज घातले, सुईचं पाकीट दादासमोर फोडलं. दादाचे हात आता इतके वाळलेत की शीर दिसते पण सुई लावली की सटकते, आधी एका ठिकाणी त्याला दोन्ही हातांना टोचून काळंनिळं करून ठेवलं होतं. या पोराने पट्टा बांधला, बोटाने चाचपलं, म्हणाला, "काका, मूठ आवळू नका, नुसती बंद ठेवा," आणि एका फटक्यात रक्त आलं. पिवळ्या टोपणाची जेलवाली ट्यूब, जांभळ्या टोपणाची एचबीएवनसीसाठी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट), राखाडी टोपणाची साखरेसाठी. प्रत्येक ट्यूब हळूच उलटीसुलटी केली, बारकोडचा स्टिकर तिथेच लावला आणि दादाकडून नाव आणि जन्मतारीख वाचून घेतली. आईने चहा विचारला तर म्हणाला आजी अजून परळला दोन घरं आहेत. या मुलाला पाच पैकी पाच आणि त्याच्या मॅनेजरने हे वाचलं तर पगार वाढवा त्याचा.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली आणि इथून पुढे माझं डोकं फिरलं.

या लोकांचा एक 'स्मार्ट रिपोर्ट' असतो. माणसाच्या शरीराचं चित्र, त्यात एकेक अवयव रंगवलेला. दादाचं स्वादुपिंड हिरवंगार, खाली 'हेल्दी'. का हेल्दी, तर अमायलेज ४७, रेंज २८ ते १००. लायपेज २८, रेंज १३ ते ६०. अंगात कुठे सूज आहे का ते दाखवणारी सीआरपी पण नॉर्मल. वहिनीने देवापुढे साखर ठेवली. दादा तेव्हा आतल्या खोलीत उशी पोटाशी धरून बसला होता.

तर आता हे नीट समजून घ्या कारण सगळी गोम इथे आहे. अमायलेज आणि लायपेज ही स्वादुपिंडात तयार होणारी पाचक द्रव्यं, एन्झाइम्स. स्वादुपिंडाला अचानक सूज आली, ज्याला ॲक्यूट म्हणतात, तर पेशी फुटून ही द्रव्यं रक्तात सांडतात आणि आकडे एकदम चढतात. नॉर्मलच्या वरच्या टोकाच्या तिप्पट गेले तर डॉक्टर त्याला महत्त्व देतात, पोटात ठरावीक प्रकारचं दुखणं, तिप्पट एन्झाइम आणि स्कॅनमधले बदल या तिघांपैकी दोन गोष्टी जमल्या की ॲक्यूट, असा २०१२ पासूनचा जगभर वापरला जाणारा नियम आहे. त्यासाठी या टेस्ट चांगल्याच आहेत, त्यातही लायपेज जास्त भरवशाचं. अमायलेज तीन ते पाच दिवसात खाली येतं, लायपेज आठवडाभर, कधी दोन आठवडे चढलेलं राहतं. शिवाय अमायलेज लाळेच्या ग्रंथीतूनही येतं, गालगुंड झाले तरी वाढतं, किडनी कमजोर असली तरी वाढतं.

पण जुनाट आजाराची गोष्ट वेगळी. तिथे सूज वर्षानुवर्षं धुमसत असते आणि चांगल्या पेशींच्या जागी चट्ट्यासारखी घट्ट जाळी भरत जाते. सांडायला आत द्रव्यच उरत नाही. मग रक्तातला आकडा कधी नॉर्मल, कधी जरासा वर, कधी नॉर्मलच्या तळाशी. आमच्या लालबाग-काळाचौकीकडच्या माणसाला हे सांगायला सोपं आहे, गिरणीचा भोंगा वाजत नाही याचा अर्थ गिरणी सुरळीत चालू आहे असा होत नाही. दादाचं २८ हे 'हेल्दी' नव्हतंच, त्या आकड्यावरून हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण म्हणता येत नाही. आणि ज्या आजाराचं नाव घेऊन पॅकेज विकलं तोच आजार या दोन टेस्टमधे पकडता येत नाही, हे लॅबमधल्या एमडी पॅथॉलॉजिस्टला माहीत नसेल? नक्की माहीत असणार. चित्र हिरवं रंगवणाऱ्याला माहीत नाही एवढंच.

हे झालं हिरव्याचं. आता लाल.

पुढच्या पानावर सीए १९-९, आकडा ४४, रेंज ३७ पर्यंत. लाल चौकट, ठळक एच, आणि शेजारी 'ट्यूमर मार्कर'. रात्री साडेनऊला वहिनीने हे वाचलं. टाटा हॉस्पिटल आमच्यापासून चालत जायच्या अंतरावर आहे, तिथल्या फुटपाथवर बसलेली गावाकडची माणसं आम्ही लहानपणापासून बघतोय, त्यामुळे ट्यूमर हा शब्द आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वहिनी बाथरूमचा नळ सोडून रडत होती, आईला कळू नये म्हणून. मी हेल्पलाइनला फोन लावला. "सर, स्मार्ट रिपोर्ट सिस्टम जनरेटेड होता है, आप अपने डॉक्टर से कन्सल्ट कीजिए." अहो पण पॅकेजमधे 'फ्री डॉक्टर कन्सल्टेशन' होतं ना? ते दुसऱ्या दिवशी दुपारी झालं, त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मल्टिव्हिटामिन सुचवलं.

सीए १९-९ बद्दल आमच्या गॅस्ट्रोने जे सांगितलं ते पॅकेज विकणाऱ्याने पहिल्या पानावर छापायला पाहिजे. ही टेस्ट धडधाकट माणसात किंवा नुसत्या पोटदुखीत कॅन्सर शोधण्यासाठी नाहीच. पित्तनळीत अडथळा आला तर वाढते, कावीळ असली तर वाढते, स्वादुपिंडाच्या साध्या सुजेत वाढते, साखर कंट्रोलमधे नसली तरी थोडी वाढते. उलट शंभरातली पाच ते दहा माणसं अशी असतात की त्यांच्या रक्तगटाच्या एका प्रकारामुळे, लुईस म्हणतात त्याला, त्यांच्या शरीरात हे द्रव्य बनतच नाही, त्यांना कॅन्सर असला तरी आकडा खालीच राहणार. तिचा खरा उपयोग म्हणजे कॅन्सर आहे हे माहीत असलेल्या पेशंटचे उपचार कसे चाललेत ते बघायला. ४४ वर कुणी रात्रभर जागायचं काही कारण नाही. म्हणजे एकाच पीडीएफमधे जिथे घाबरायला हवं होतं तिथे हिरवं आणि जिथे शांत राहायला हवं होतं तिथे लाल. (पुढे काही आठवड्यांनी परत केली तेव्हा ती ३७ च्या आत आली होती, साखर तोवर बरीच खाली आली होती.)

मग दोन स्टार तरी कशाला दिले? कारण पॅकेजमधे ज्या टेस्टची जाहिरातच केली नव्हती त्या कामाच्या निघाल्या. एचबीएवनसी ७.१. दादाला डायबेटिस आहे हे घरात कुणाला माहीत नव्हतं. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी स्वादुपिंडातच असतात, सगळा अवयव झिजला की त्याही जातात, याला टाइप थ्री-सी म्हणतात आणि हा नेहमीच्या डायबेटिसपेक्षा जरा वेगळा वागतो, कारण साखर वर आणणारं ग्लुकागॉन बनवणाऱ्या पेशीही त्यातच जातात, मग पुढेमागे इन्सुलिन लागलं तर साखर एकदम खाली जायची भीती. व्हिटामिन डी ११, म्हणजे बरंच कमी. चरबी पचली नाही की चरबीत विरघळणारी व्हिटामिन्स, ए, डी, ई, के, ही पण अंगाला लागत नाहीत. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, आणि कॅल्शियम हे कारण शोधायला, ट्रायग्लिसराइड्स हजाराच्या वर असतील तर ती स्वतःच स्वादुपिंडाला सूज आणू शकतात आणि कॅल्शियम वाढलेलं असेल तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींकडे बघतात, कॅल्शियम त्या सांभाळतात. दादाची ही दोन्ही ठीक होती. तर आजार पकडणाऱ्या नाही, पण आजाराने शरीराचं काय केलंय आणि तो कशामुळे झाला असेल हे सांगणाऱ्या या टेस्ट आहेत, आणि सुट्या घेतल्या तर साधारण निम्म्या पैशात होतात, तोच नालासोपाऱ्याचा मुलगा येतो.

'प्लस' पॅकेजमधे आयजीजी-फोर पण होतं. ते ऑटोइम्यून प्रकारासाठी, ज्यात शरीर स्वतःच स्वादुपिंडावर उलटतं आणि स्टेरॉइडने चांगला फरक पडतो. चांगली टेस्ट आहे पण स्कॅनमधे तसं चित्र दिसलं तर करायची, सरसकट नाही. आणि त्याच्या वर जेनेटिक ॲड-ऑन, त्याबद्दल इतकंच की स्पिंक-वन नावाच्या जीनमधला बदल आपल्याकडच्या या पेशंटांमधे बऱ्यापैकी सापडतो हे खरं, पण बदल असलेल्या प्रत्येकाला आजार होतो असं नाही. आम्ही घेतलं नाही.

आता जे पॅकेजमधे नव्हतं आणि असायला हवं होतं ते म्हणजे संडासची टेस्ट. फीकल इलास्टेज. इलास्टेज हे पण स्वादुपिंडाचंच द्रव्य, आतड्यातून न मोडता बाहेर पडतं, त्यामुळे किती बनतंय याचा अंदाज येतो. २०० च्या खाली आलं तर कमी, १०० च्या खाली म्हणजे चांगलंच कमी. दादाचं ७८. सॅम्पल घट्टसर लागतं, पातळ असेल तर पाण्याने आकडा खोटाच कमी दिसतो, हे आम्हाला गॅस्ट्रोच्या असिस्टंटने सांगितलं. याच लॅबच्या ॲपवर शोधली तर ही टेस्ट होती, पण वेगळी बुकिंग, वेगळे पैसे, आणि सॅम्पल दुसऱ्या लॅबला पाठवतात म्हणून रिपोर्टला चांगला वेळ लागला. मी हेल्पलाइनला म्हटलं, ही पॅकेजमधे का नाही? तर "सर वो ब्लड पॅकेज है ना." बरोबर आहे, संडासचा डबा जाहिरातीत चांगला दिसत नाही.

आणि हेही लक्षात घ्या की संडास तेलकट होईपर्यंत फार उशीर झालेला असतो. स्वादुपिंडाकडे एवढा शिलकी साठा असतो की द्रव्य बनवायची ताकद दहा टक्क्यांच्या खाली गेल्यावर चरबी न पचता बाहेर पडायला लागते. रक्तातली ट्रिप्सिनोजेन म्हणून एक टेस्ट आहे, ती २० च्या खाली गेली तर जुनाट आजाराकडे बोट दाखवते, पण तीही आजार बराच पुढे गेल्यावरच, सुरुवातीच्या पेशंटमधे नॉर्मलच असते. म्हणजे रक्तातून पकडायची सगळ्यात जवळची जी टेस्ट आहे तीही उशिराच येते, आणि या पॅकेजमधे ती पण नव्हती.

सीटी झाला आणि विषय तिथेच संपला. स्वादुपिंडात खडे, मुख्य नळी फुगलेली, गाठ नाही. कॉम्प्युटरवर डॉक्टरांनी दाखवलं तर पांढरे ठिपके आम्हालाही दिसले, त्याला कुठली रेंज लागत नाही की हिरवा-लाल रंग लागत नाही. अमेरिकेतल्या गॅस्ट्रो डॉक्टरांच्या कॉलेजची २०२० ची गाइडलाइन आहे त्यातही आधी सीटी किंवा एमआरआय असंच आहे, त्यात कळलं नाही तर दुर्बीण आत घालून केलेली सोनोग्राफी, ईयूएस. मी विचारलं, मग ब्लड टेस्टने कधीच कळणार नाही का? डॉक्टर म्हणाले शोध चालू आहे. सूज दाखवणारी जी द्रव्यं रक्तात असतात ती सांधे सुजले, हिरड्या सुजल्या तरी वाढतात, फक्त स्वादुपिंडाची म्हणून ओळखता येईल अशी एक खूण हातात आलेली नाही, म्हणून आता बऱ्याच खुणा एकत्र करून काही जमतं का ते बघतात. अमेरिकेत २०१५ पासून सरकारी पैशातून अनेक हॉस्पिटलांचा एक गट याच कामाला लागलाय, पेशंटांचं रक्त साठवून ठेवून त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवतात. त्यांना जे अजून ठामपणे मिळालेलं नाही ते आमच्या वहिनीच्या फोनवर डिस्काउंटमधे कसं काय मिळत होतं बुवा.

एक विषयांतर. स्वादुपिंड म्हटलं की लोक आधी विचारतात, पितो का? चाळीतल्या एका काकांनी तर डायरेक्ट "सोड म्हणावं आता" सांगितलं. दादा पीत नाही. दारू हे मोठं कारण आहेच पण आपल्या देशात कारणच सापडत नाही असे पेशंट भरपूर आहेत, दारूला कधी हात न लावलेले, तरणी पोरंसुद्धा. सिगारेट मात्र दादाची होती आणि सिगारेट एकटीसुद्धा स्वादुपिंडाला बाधते हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आता बंद आहे, निदान घरात तरी. जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल चालू झाल्यात, जेवणानंतर नाही, घासांबरोबर घ्यायच्या, वजन थोडं भरतंय. त्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. आई माळकरी आहे, तिला सांगितलेलं नाही, कृपया कुणी सांगू नका.

तर घ्यायचं का हे पॅकेज? क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस आहे की नाही हे कळायला, नाही. ज्याचं निदान आधीच झालंय त्याने साखर, व्हिटामिन, कॅल्शियम वगैरे बघायला घ्यावं का, तर सुट्या टेस्ट घ्या, डॉक्टरने लिहिलेल्या. एकदम जोरात पोट दुखून उलट्या होत असतील तर पॅकेज नाही आणि स्लॉट पण नाही, सरळ हॉस्पिटल, तिथे लायपेज लगेच करतात. आणि लॅब कुठलीही असो, रिपोर्टवर एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा, शिक्का बघा, नुसती लॅबला मान्यता असून भागत नाही, ती टेस्ट त्या मान्यतेच्या यादीत आहे का तेही त्यांच्या साइटवर बघता येतं. दादाच्या रिपोर्टमधे शिक्का होता, मशीनचे आकडे बरोबरच होते, माझी तक्रार आकड्यांवर नाहीच. आकड्यांच्या शेजारी काढलेल्या चित्रावर आहे.

लॅबला मी मेल केला होता, की निदान 'नॉर्मल आलं तरी जुनाट आजार असू शकतो' एवढी एक ओळ टाका आणि सीए १९-९ या पॅकेजमधून काढा. उत्तर आलं, फीडबॅकबद्दल धन्यवाद, आणि सोबत पुढच्या बुकिंगवर वीस टक्के सूट. दादाचं एचबीएवनसी तीन महिन्यांनी परत आहे, ती सूट तिथे वापरणार, सुट्या टेस्टला चालते का ते विचारलंय, अजून उत्तर नाही.